पेन्सिल थांबली तिथवर

इर्मा मावशीशी आमची ओळख वेलदोड्याच्या वासाने झाली. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरिअरच्या अलीकडे, ज्या गावात आम्ही राहायला गेलो तिथं एक पेट्रोल पंप, एक शाळा, दोन चर्च आणि थंडी एवढंच होतं, आणि पहिले सहा महिने आईची पक्की समजूत होती की बाबांनी तिला फसवून आणलंय. नागपूरची बाई ती. घरासमोर सकाळी कुणी ओरडत भाजी विकायला येत नाही, ही गोष्ट तिला बर्फापेक्षा जास्त खुपायची. एका दुपारी पोस्टातून परत येताना ती रस्त्यात थबकली. कुणाच्या तरी घरातून वेलदोड्याचा वास येत होता. ती वासामागोमाग चालत गेली आणि सरळ दार ठोठावलं. वेलदोड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून दार उघडणाऱ्या उंच, हाडकुळ्या म्हातारीसमोर तिनं नुसतं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. म्हातारीला काय कळायचं ते कळलं. तिचे आईवडील फिनलंडहून आलेले, आणि त्या लोकांच्या गोड पावात वेलदोडा असतो. आई घरी आली तेव्हा तिच्या हातात अर्धा पाव होता. बाबांना म्हणाली, "अहो, इथं माणसं राहतात." बाबांनी जेवणाआधी तो पाव संपवला.

बाबा चंद्रपूरकडचे. जंगल खात्याला नकाशे करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते नोकरीला होते. घरातल्या मागच्या खोलीत त्यांचं काचेचं टेबल होतं, खालून दिवा लागणारं, आणि त्यावर वाकून ते जमिनीच्या रेघा गिरवत बसायचे. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला म्हणाल तर कागदावर चालणाऱ्या पेन्सिलीचा. त्यांचं अक्षर छापल्यासारखं, बारीक आणि सरळ. रविवारी सकाळी आम्ही तिघं बुद्धवंदना म्हणायचो, मग आई झुणका-भाकरी करायची, ज्वारी संपली असेल तर मक्याच्या पिठाची, आणि भाकरी तुटली की सगळा दोष अमेरिकेला जायचा. बाबांना एकच वेड होतं, नोंदीचं. फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर कुणी कधी काय संपवलं ते लिहिलेलं असायचं. मला ताप आला तर दर दोन तासांनी आकडा लिहायचा. "कागदावर नाही ते नाहीच, सुजाता," असं ते इतक्या वेळा म्हणायचे की आई त्यांच्याआधीच वाक्य पुरं करायची, आणि तेही चिडवण्याच्या सुरात.

ऑगस्ट आला की इर्मा मावशीचा जुना हिरवा ट्रक दारात येऊन दोनदा भोंगा वाजवायचा. आई आणि मी डबे घेऊन पळायचो. कॉफीचा रिकामा डबा पट्ट्यात ओवून कमरेला बांधायचा, म्हणजे ब्लूबेरी तोडायला दोन्ही हात मोकळे राहतात, हे तिनं आम्हाला शिकवलं. गावापासून उत्तरेला लाकूडतोड्यांच्या काळातली एक वाळूची वाट जात होती. मध्येच पाइनची झाडं इतकी जवळ यायची की फांद्या ट्रकच्या काचांना घासायच्या. बऱ्याच अंतरावर एक उघडा माळ लागे, तिथं ती आम्हाला उतरवायची. मग "पुढे ट्रक वळवायला जागा आहे, मी तिथंच जरा डोळे मिटते," असं सांगून ती पुढे जायची आणि दोनेक तासांनी परत यायची. तिचे दोन्ही गुडघे कुरकुरायचे, तेव्हा ती विश्रांती घेते यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. पहिल्या वर्षी उतरवण्याआधीच तिनं अट घातली होती. ही जागा कुणाला सांगायची नाही. "आणि तुझ्या नवऱ्याला तर अजिबात नाही," ती आईला म्हणाली, "तो नकाशे करतो."

आईनं शब्द दिला आणि पाळला. तिच्या आजोळी, ब्रह्मपुरीकडे, मोहाची झाडं सरकारी जंगलात उभी असली तरी कुठलं झाड कुणाच्या घराचं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. पहाटे आजीबरोबर ती आपल्या झाडाखालची फुलं वेचायला जायची आणि शेजारच्या झाडाखाली पडलेल्या फुलाला हात लावायची नाही. त्यामुळे इर्मा मावशीचं वागणं तिला विचित्र वाटलंच नाही. बाबांनीही कधी विचारलं नाही. बायको आणि मुलगी दर ऑगस्टात निळे हात, निळी जीभ घेऊन परत येतात, ट्रकच्या चाकांना कुठली वाळू लागलीय हे जमीन मोजणाऱ्या माणसाला दिसत नसेल असं नाही. पण ते वर बघायचे आणि म्हणायचे, "छान झाल्या का?" इतकंच. नवराबायकोत एवढी एक बंद खोली ठेवता येणं हे किती अवघड असतं ते मला माझं लग्न झाल्यावर कळलं.

घरी आल्यावर अंगणात आई सूप काढायची. नागपूरहून कपड्यांच्या बॅगेत घालून आणलेलं बांबूचं सूप. त्यात ब्लूबेरी घेऊन ती पाखडायला लागली की पानं, काड्या, मुंग्या सगळं उडून जायचं आणि फळं खळखळ करत मागे सरकायची. इर्मा मावशी सत्तरीला टेकलेली, तरी तिनं असलं काही पाहिलं नव्हतं. ते लोक फळं ओल्या फळीवरून घरंगळवत निवडायचे. तिनं सूप उलटंसुलटं करून बघितलं, वीण चाचपली, आणि पुढच्या भारतवारीत आईनं तिच्यासाठी एक आणलं. ते तिनं स्वयंपाकघरात येशूच्या चित्राशेजारी टांगलं. एकदा दोघी शेजारी बसून पाखडत होत्या तेव्हा आईच्या लक्षात आलं की तिच्या बादलीतले दाणे आपल्यापेक्षा चांगलेच टपोरे आहेत. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "झोपते म्हणते बाई, पण झोपेत तोडते वाटतं." आम्ही दोघी हसलो आणि बाबा ताटात बघत राहिले.

मी सातवीत होते त्या हिवाळ्यात ते जंगल 'वाइल्डरनेस' करायचं ठरलं. जमीन एका लाकूड कंपनीची होती. तीन पिढ्या गावातली माणसं तिथं शिकार करत, सरपण आणत, मासे धरत, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. आता कंपनीनं ती सरकारला दिली होती. वाइल्डरनेस झाल्यावर आत चालत जायला मुभा, पण गाडी नाही, मोटरबोट नाही, झाडं कापायचं यंत्र नाही, चाकाचं काहीच नाही. गावात रान उठलं. 'खालची माणसं', म्हणजे मिशिगनचे वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या पुलापलीकडची, डेट्रॉइटकडची, शनिवार-रविवार लांडगे बघायला येणार आणि त्यांच्यासाठी आपण घरी बसायचं, असं जो तो म्हणायला लागला. आता मी स्वतः ट्रॉयला राहते, म्हणजे पक्की खालची आहे, आणि खरं सांगायचं तर त्या कायद्यावर माझा राग नाही. परवा तिथं गेले होते तेव्हा वाळूत लांडग्याची पावलं पाहिली आणि मला भरून आलं. जंगल राखायलाच हवं होतं. पण कुणाला किती चालायला लावून राखायचं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही दुखरे गुडघे ज्यांचे आहेत त्यांनाच तो पडतो. आणि त्या गाववाल्यांच्याही आधी ज्या मूलनिवासी लोकांचं ते रान होतं त्यांचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

सरकारी कचेरीनं मात्र एक गोष्ट चांगली केली होती. प्रत्येक घरी एक कोरा नकाशा आणि एक फॉर्म पाठवला. तुम्ही कुठं जाता, कशासाठी जाता, कुठल्या वाटेनं, गाडीनं की पायी, ते पेन्सिलीनं दाखवा. जी वाट खरोखर वापरात आहे असं दिसेल ती वगळून, तिच्या दोन्ही बाजूंनी हद्दीची रेघ वळवून घेऊ. भरलेले नकाशे शाळेच्या लायब्ररीतल्या पेटीत टाकायचे होते आणि सगळे मिळून एक मोठा नकाशा करायचं काम बाबांच्या कंपनीकडे होतं. बाबांना इतकं खुशीत मी क्वचित पाहिलंय. ते दारोदार हिंडले. "तुम्हाला विचारतायत," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "लिहून द्या. प्लीज, लिहून द्या."

ते असे का हिंडत होते ते मला एका संध्याकाळी कळलं. माझे आजोबा जंगलकाठच्या गावातले. बांबू आणायचे, मोहफुलं, डिंक, मध आणायचे. बाबा लहान असताना तिथलं जंगल राखीव करायचं म्हणून साहेब आले, चौकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला विचारलं, तुम्ही जंगलातून काय काय नेता? विचारणारा कदाचित भल्यासाठी विचारत असेल. पण आजवर जंगलातून काही नेलं की दंडुका बसायचा, मग आता कबूल कोण करणार? आजोबा हात जोडून म्हणाले, "काही नाही साहेब." त्यांच्यामागे उभ्या असलेल्या साऱ्या गावानं तेच म्हटलं. साहेबांनी तसंच लिहून घेतलं, या गावाचा या जंगलावर कसलाही हक्क नाही. "मी तिथं उभा होतो," बाबा म्हणाले. "माझ्या खांद्यावर तेव्हा बांबूची मोळी होती, सुजाता. खांद्यावर." एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

नकाशे भरून यायला लागले आणि बाबांचा चेहरा उतरत गेला. गावाबाहेर खडीची एक जुनी खाण होती, कचरा टाकायच्या जागेला लागून. तिथं बेडकांशिवाय काही नव्हतं. जवळजवळ सगळ्यांनी आपली ब्लूबेरीची जागा, हरणाची जागा, मशरूमची जागा म्हणून त्या खाणीवर फुली मारली होती. एकानं तर तिथं मासे धरतो म्हणून लिहिलं. त्या भागात आपली जागा सांगणं म्हणजे ती घालवणं. बाप मरताना मुलाला सांगतो, तेही जावई खोलीबाहेर गेल्यावर. कुणी विचारलंच तर खाणीकडे बोट दाखवायची सवय आजोबा-पणजोबांपासूनची, सरकारनं विचारलं तेव्हाही हात त्याच सवयीनं तिकडेच वळला. बाबा काचेच्या टेबलावर डोकं धरून बसले होते. "यांना वाटतं आपण हुशारी केली," ते आईला म्हणाले. "अगं, या नकाशात सगळं जंगल रिकामं आहे. एक माणूस जात नाही तिथं. लागू देत कुलूप."

आई दुसऱ्या दिवशी इर्मा मावशीकडे गेली आणि मला बरोबर नेलं, इंग्रजी अडलं तर असू दे म्हणून. आईनं तिला नाना परीनं विनवलं. ट्रक बंद झाला तर तू कशी जाणार, तुझे पाय बघ. इर्मा मावशी पीठ मळत होती, हात थांबला नाही. तिला तान्ही असताना आईच्या पाठीवर बांधून त्या माळावर पहिल्यांदा नेलं होतं. त्यानंतर तिचा एकही ऑगस्ट चुकला नव्हता, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. ती म्हणाली, "कागदावर लिहिलं की ती सगळ्यांची होते. मग जाऊन काय करू?" आई म्हणाली, "आणि नाही लिहिलं तर कुणाचीच राहात नाही." इर्मा मावशी म्हणाली, "मी खाण लिहिली आहे." मग तिनं आम्हाला कॉफी दिली. परत येताना, घराशी आल्यावर आई म्हणाली, "मी वचन दिलंय, मला बोलता येत नाही. बाई हट्टी आहे गं."

वचन आईनं दिलं होतं. मी ट्रकमध्ये मागे बसले होते आणि मला कुणी काही विचारलंच नव्हतं. तेराव्या वर्षी माणूस असला वकिली विचार फार पटकन करतो. शाळेच्या लायब्ररीत कोरे नकाशे ठेवलेलेच होते. दुपारच्या सुट्टीत मी एक घेतला आणि ती वाळूची वाट काढली, पहिलं वळण, ओढा, दाट पाइन, आणि जिथं आम्ही उतरायचो तो माळ. बाबांची मुलगी होते, वाट बरोबर काढली. माळापाशी पेन्सिल थांबवली, कारण त्यापुढे मी कधी गेलेच नव्हते. फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं. वय तेरा. कशासाठी: ब्लूबेरी. किती वर्षं: सहा. वाहन: इर्माचा हिरवा ट्रक. नकाशा पेटीत टाकला तेव्हा मी परोपकार केलाय असंच मला वाटत होतं.

बाबांनी तो फॉर्म पाहिला असणार. त्यावर माझंच नाव होतं, माझ्याच अक्षरात. घरी ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या रेघेला इतर खुणांसारखंच शाईनं गिरवलं.

सुनावणी शनिवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली तो मोठा नकाशा लावला होता. खाणीवर फुल्यांचं मोहोळ उठलं होतं, आणि बाकी सगळ्या पांढऱ्या जागेत एकच काळी रेघ उत्तरेकडे गेली होती. लोक ती बघून कुजबुजायला लागले. आईनं रेघ पाहिली आणि बाबांकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुम्ही माझ्या मागावर आला होता?" बाबांनी नाही म्हणून मान हलवली. आईचे डोळे भरले होते, तिचा विश्वास बसला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. कचेरीतून आलेली बाई मवाळ आवाजाची होती. तिनं फॉर्म वाचून दाखवला, माझ्या वयासकट, ट्रकच्या रंगासकट. खुर्च्यांतून हसू उठलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मी लिहिलं, आई. तू वचन दिलेलं. मी नव्हतं दिलं." तिनं माझा हात धरला तो रागानं की धीर द्यायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"इर्मा इथं आहेत का?" त्या बाईनं विचारलं. "ही वाट तुम्ही वापरता का?"

इर्मा मावशी उठली. काठी टेकत नकाशाजवळ गेली आणि चष्मा लावून माझी रेघ बघायला लागली. गावापासून सुरुवात करून तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, वळण, ओढा, पाइन, माळ. रेघ संपली तिथं तिचं बोट थांबलं. ते उचललं गेलं नाही. बोट जरासं पुढे सरकलं, कोऱ्या कागदावर, आणि परत आलं. ती इतका वेळ तशीच उभी होती की मागे कुणीतरी खोकलं. मग तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं, आयुष्यभरचे शेजारी ते, आणि म्हणाली, "तिथं काही नाही."

लोक खो-खो हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. इर्मानं सरकारला बरोबर गंडवलं म्हणून. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते कंपनीचे माणूस, त्यांना सभेत बोलायची परवानगी नव्हती. त्यांचे ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण आज मी सांगू शकते की ते 'साहेब' म्हणाले असणार. त्या बाईनं मग मला विचारलं, "तू लिहिलंस ते खरं आहे का?" मी म्हटलं, "येस, मॅम." "तू स्वतः तिथं गेली आहेस?" "दर वर्षी." तिनं फॉर्मवर शिक्का मारला. एका माणसाचा वापर असला तरी तो वापरच असतो, असं ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आमच्या दाराच्या मुठीला सूप लटकवलेलं सापडलं. आईनं ते आत आणलं, धुऊन वाळवलं आणि आपल्या सुपाला पाठ लावून ठेवलं. मला ती रागावली नाही. वेलदोड्याचा पाव बंद झाला, त्या ऑगस्टात भोंगा वाजला नाही. दुकानात मुलं मला 'नकाशा' म्हणून हाक मारायची. बाबा एवढंच म्हणाले, "तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस." आणि थोड्या वेळानं, "तिचंही चूक नाही." हे असं बोलणं तेव्हा मला मुळीच पुरलं नाही. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की मी चांगली मुलगी आहे.

हद्द ठरली. माझी वाट वगळली गेली. नव्या छापील नकाशात हिरव्या रंगात घुसलेलं एक पांढरं बोट दिसायचं, ते माझं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात एका सकाळी इर्मा मावशी चालत आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "माझं सूप दे. आणि बूट घाल, दोघी." आम्ही ट्रकमध्ये बसलो. माळावर पोचलो तर तिथं तीन मोठे दगड टाकून वाट बंद केलेली होती आणि पाटी होती, यापुढे वाहनांना मनाई. माळावर नकाशा बघून आलेली चार अनोळखी माणसं फळं तोडत होती. इर्मा मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दगडांच्या फटीतून पलीकडे गेली आणि चालायला लागली.

वाट पुढे होती. त्याच दोन चाकोऱ्या, त्याच वाळूत, तिच्या ट्रकच्या. मी आणि आई एकमेकींकडे बघत तिच्यामागून गेलो. दर थोड्या अंतरावर ती थांबायची, काठीवर दोन्ही हात ठेवून श्वास घ्यायची, आईनं हात पुढे केला की झिडकारायची. किती वेळ चाललो ते सांगत नाही. शेवटी झाडं संपली आणि उतारभर निळं पसरलेलं दिसलं, करवंदाएवढे दाणे, हात लावला की डब्यात पडणारे. आई खाली बसली आणि हसायला लागली. "झोपत होती म्हणे," ती मराठीत म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. माझी पेन्सिल जिथं थांबली होती, बरोबर तिथं सरकारनं दगड आणून टाकले होते.

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही? रेघ इथवर आली असती. ट्रक इथवर आला असता."

इर्मा मावशी एका ओंडक्यावर बसून गुडघा चोळत होती. "सांगणार होते," ती म्हणाली. "बोट पुढे नेलंही होतं. पण सू, जे सत्तर वर्षं केलं नाही ते एका दुपारी सगळ्यांसमोर कसं जमणार?" मग तिनं डबा कमरेला बांधला. "पुढच्या वर्षी मला एवढं चालवणार नाही. आता तुम्हाला माहीत आहे. कुणाला सांगू नका."

ती खरंच पुन्हा गेली नाही. आणखी आठ वर्षं जगली, आम्ही दोघी दर ऑगस्टात तिच्यासाठी तिथून बादली भरून आणायचो, ती ओसरीवर बसून आईच्या हाताखाली सुपात फळं पाखडायची. फळ तोंडात टाकताना डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवायचं नाही. माझी रेघ जरा लांब असती तर, हा विचार मी चाळीसहून अधिक वर्षं करते आहे, आणि दर वेळी कळतं की जे मला दाखवलंच नव्हतं ते मी काढणार कशी.

मी हे पुस्तक लिहितेय हे कळल्यावर हर्नडनला असते ती माझी लेक परवा फोनवर म्हणाली, "मॉम, सॅटेलाइट व्ह्यूमध्ये सगळं दिसतं आता. बुकमध्ये लोकेशन टाक ना, सो कूल होईल." मी म्हटलं, "बघते." तिनं तो भाग मोठा करून मला पाठवला. झाडांची हिरवी गोधडी, मध्ये फिकट ठिगळं बरीच. त्यातलं आमचं कुठलं ते तिला ओळखता येणार नाही आणि मी सांगितलेलं नाही.

बाबा शेवटची वर्षं माझ्याकडे ट्रॉयला होते. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला तो मोठा नकाशा सापडला, जिममध्ये लावला होता तोच. आईनं त्यांना त्या जागेबद्दल कधीच काही सांगितलं नाही, मला ठाऊक आहे. त्यांनीही विचारलं नाही. पण ते दर ऑगस्टात आमच्या बादल्या बघत होते, आणि दगड पडले त्या वर्षापासून आमच्या घरातली फळं टपोरी झाली होती. मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. खाणीवरच्या फुल्या तशाच होत्या. माझी रेघ माळापाशी थांबली होती, आणि तिच्यापुढच्या कोऱ्या जागेत, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, पेन्सिलीनं, त्या कचेरीतल्या कुणालाही वाचता येणार नाही अशा लिपीत लिहिलेलं होतं: पुढे आहे.

कुठवर, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मीही लिहीत नाही.